लेबर जॉबचं शेड टाकताय? उद्यम नोंदणीपासून 45 दिवसांच्या पेमेंटपर्यंत सगळं मोबाईलवर

आयटीआय झालं, चार-पाच वर्षं कंपनीत सीएनसी किंवा व्हीएमसी चालवली, सेटिंग जमायला लागलं, आणि मग डोक्यात येतं की दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस? चाकण पट्ट्यात हा विचार करणारी मुलं खूप आहेत. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांमध्ये रस्त्याच्या आत वळलं की एक-दोन मशीनची पत्र्याची शेडं दिसतात, त्यातली बरीचशी अशाच कुणीतरी टाकलेली असतात.

नोंदणी कशी करायची याचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि नोंदणी खरोखर सोपी आहे, मोबाईलवर अर्ध्या तासात होते. पण इथल्या शेडवाल्यांशी बोललात तर तक्रार नोंदणीची नसते, बहुतेकदा कामाचीही नसते. ती पेमेंटची असते. काम झालं, माल गेला, बिल दिलं, पैसे अडकले. म्हणून या लेखात नोंदणी आहेच, पण ती पैसे वेळेवर मिळवण्याच्या कामी कशी येते यावर जास्त भर दिला आहे.

आधी पत्ता नीट करा: महाळुंगे दोन आहेत

गंमत वाटेल, पण इथूनच घोळ सुरू होतो. पुणे जिल्ह्यात बालेवाडीशेजारी एक महाळुंगे आहे आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर खेड तालुक्यात दुसरं, महाळुंगे इंगळे. आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. नकाशात नुसतं ‘महाळुंगे’ टाकलं तर कुरिअर आणि टेम्पो भलतीकडे जाऊ शकतो. उद्यम, जीएसटी, बँक आणि भाडेकरार या चारही ठिकाणी पत्ता अक्षरशः एकसारखा लिहा: महाळुंगे इंगळे, तालुका खेड, जिल्हा पुणे, पिन 410501. जीएसटीचा अर्ज परत येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे भाडेकरारावर एक पत्ता आणि वीजबिलावर दुसरा.

लेबर जॉब म्हणजे काय

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेबर जॉबमध्ये मटेरियल पार्टीचं असतं आणि मशीन, माणूस, वीज, टूल आपलं. कास्टिंग किंवा फोर्जिंग टेम्पोतून येतं, आपण ड्रिलिंग, टॅपिंग, टर्निंग किंवा मिलिंग करतो आणि नगावर किंवा तासावर पैसे घेतो.

बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना महाळुंग्याच्या एमआयडीसीत 1999 मध्ये सुरू झाला. पुढे 2009 च्या सुमाराला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ निघोजे-कुरुळी भागात आल्या, पाठोपाठ महिंद्रा. पण एका मशीनचं शेड या कंपन्यांना थेट माल देत नाही. मोठी कंपनी सुटे भाग पहिल्या फळीच्या पुरवठादाराकडून घेते, तो काही काम दुसऱ्या फळीला देतो, आणि तिथून उरलेलं ऑपरेशन आपल्याकडे येतं. याचा अर्थ असा की वरून पैसे सुटायला उशीर झाला की तो उशीर एकेक पायरी उतरत खाली येतो आणि सगळ्यात शेवटी आपल्या शेडमध्ये येऊन बसतो. आपल्याखाली मात्र कुणी नसतं. ऑपरेटरचा पगार आणि महावितरणचं बिल थांबत नाही.

मशीन बुक करण्याआधी हे गणित मांडा

फोनमधली कुठलीही स्प्रेडशीट उघडा. समजा, एक जुनी व्हीएमसी हप्त्यावर घेतली. महिन्याचा खर्च असा धरू: शेडभाडं 25,000, वीज 20,000, दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर 44,000, टूल-इन्सर्ट-कूलंट 30,000, मशीनचा हप्ता 40,000, टेम्पो 8,000, किरकोळ 8,000. एकूण 1,75,000. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

काम मिळालं 2,10,000 रुपयांचं. म्हणजे महिन्याला 35,000 सुटले. पगारापेक्षा बरं की! इथेच बहुतेक जण हिशेब थांबवतात आणि टोकन देऊन मोकळे होतात.

आता तारखा टाका. एप्रिलभर काम केलं, 30 एप्रिलला बिल दिलं. पार्टीने 45 दिवसांनी पैसे दिले तर ते येणार 14 जूनला. तोपर्यंत एप्रिल, मे आणि अर्ध्या जूनचा खर्च तुमच्या खिशातून गेला: 1,75,000 गुणिले अडीच, म्हणजे 4,37,500. पार्टीने 90 दिवस लावले तर पैसे 29 जुलैला. तोवर चार महिन्यांचे 7 लाख गेले.

यात जीएसटी अजून आलाच नाही. बिलावर 18 टक्के धरला तर 37,800 रुपये. हा कर पैसे आल्यावर भरायचा असतो असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. एप्रिलच्या बिलाचा कर 20 मेपर्यंत भरायचा, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. तिमाही विवरणपत्राची सोय घेतली तरी कर महिन्याच्या महिन्यालाच भरावा लागतो, फक्त तारीख थोडी पुढची मिळते. टूल वगैरेवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा करून महिन्याला 30 हजार धरा. 90 दिवसांच्या पार्टीसाठी एप्रिल, मे, जून अशा तीन महिन्यांचा कर पहिला रुपया यायच्या आत भरला जातो. एकूण बाहेर गेलेली रक्कम जवळपास 8 लाख.

म्हणजे कागदावर महिन्याला 35,000 नफा असलेलं शेड, हातात 3 लाख घेऊन सुरू केलं तर दुसऱ्या महिन्यातच अडतं. काम चांगलं आहे, मशीन चालू आहे, ऑर्डर आहे, तरीही. या रकमेला बँकेच्या भाषेत खेळतं भांडवल म्हणतात. मशीनसाठी कर्ज मागताना याचीही मागणी त्याच अर्जात करा. मागाहून अडचणीत आल्यावर मागायला गेलात तर बँक तुमचे रखडलेले हप्ते आधी बघते.

कर्जाच्या योजनांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र लेख लागेल. मुद्रा योजनेत शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना 2024 पासून 20 लाखांपर्यंतही मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चावर अनुदान आहे, आणि ग्रामीण भागात ते शहरापेक्षा जास्त मिळतं. अर्ज ऑनलाइन, पुढचं काम जिल्हा उद्योग केंद्राकडून. मात्र अनुदान हातात रोख येईल असं धरून चालू नका. ते कर्जखात्याशी बांधलेलं असतं, त्यातून एप्रिलचा पगार देता येत नाही.

उद्यम नोंदणी: फुकट आहे, पण एक खाणं नीट भरा

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी. 1 जुलै 2020 पासून तिने जुन्या उद्योग आधारची जागा घेतली. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येप्रमाणे मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर तुम्ही ‘सूक्ष्म’. एका मशीनचं शेड इथे आरामात बसतं.

आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि पॅन एवढंच लागतं. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, आणि फी शून्य रुपये आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन’. शोधात आधी जाहिराती दिसतात, त्यातल्या काही साइट्स हुबेहूब सरकारी दिसतात, अशोकस्तंभासारखं चिन्हसुद्धा लावतात आणि हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर आधारचा ओटीपी टाकू नका. पैसे गेले तर गेले, पण ओटीपी जाणं महागात पडतं.

प्रमाणपत्रावर ‘उद्यम-एमएच-26-’ असा सुरू होणारा क्रमांक येतो. एमएच महाराष्ट्र, 26 पुणे जिल्हा. सोबत क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून कुणीही खात्री करू शकतं.

आता ते खाणं. अर्जात तुमचा व्यवसाय कोणता हे एनआयसी कोडने सांगावं लागतं. मशीनिंगचं काम 2592 या गटात येतं, तिथे ‘मॅन्युफॅक्चरिंग’ निवडा. घाईत किंवा सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने व्यापाराचा कोड, म्हणजे 45, 46 किंवा 47 ने सुरू होणारा, पडला तर नुकसान मोठं आहे. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटविरुद्धचं संरक्षण त्यांना नाही. प्रमाणपत्र दिसायला तेच, पण वेळ आली की उपयोग शून्य. आधीच नोंदणी झाली असेल तर आज प्रमाणपत्र उघडून कोड बघा. चुकला असेल तर त्याच संकेतस्थळावर बदल करता येतो, तोही मोफत.

आणि ही नोंदणी पहिला पीओ घेण्याआधी करा. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या मालावर हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटलं. त्यानंतर यावर आणखी कायदेशीर चर्चा झाली आहे, पण तिच्या निकालावर आपलं शेड कशाला टांगायचं? अर्ध्या तासाचं काम आहे.

जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट आणि बाकीचे कागद

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेली की जीएसटी, सेवा देणाऱ्याला 20 लाखांवर. लेबर जॉब कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, त्यामुळे तुमची मर्यादा 20 लाख. वरच्या उदाहरणात महिन्याला 2,10,000 म्हणजे वर्षाला 25 लाख 20 हजार, म्हणजे नोंदणी लागणारच. तसंही पार्टीला इनपुट क्रेडिट हवं असतं, जीएसटी नसेल तर बऱ्याच ठिकाणी व्हेंडर कोडच मिळत नाही. कंपोझिशन योजना सोपी वाटते, पण त्यात तुमच्या बिलावर पार्टीला क्रेडिट मिळत नाही. कंपन्यांसाठी काम करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

चालू खातं वेगळं काढा. सुरुवातीला सगळे स्वतःच्याच बचत खात्याच्या क्यूआरवर पैसे घेतात. मित्राने जेवणाचे दिलेले 300 आणि पार्टीने दिलेले 30,000 एकाच यादीत येतात. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमा बघून तिथल्या कर विभागाने छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, आणि बेंगळुरूत काही टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले. त्यातला कोण किती करपात्र होता हा वेगळा विषय. पण खातं वेगळं असेल तर उत्तर पाच मिनिटांत देता येतं.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली लहान आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती कामगार विभागाच्या संकेतस्थळावर होते. कामगार 10 झाले की ईएसआय, 20 झाले की पीएफ. शेड एमआयडीसीच्या प्लॉटवर नसेल तर भाडेकरार करण्याआधी मालकाकडे बांधकामाची परवानगी आणि औद्योगिक वीजजोडणी आहे का ते बघा. घरगुती मीटरवर व्हीएमसी चालवणं हा दंडाला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे.

मशीनऐवजी कामगारांसाठी मेस किंवा डबे सुरू करणारेही इथे बरेच आहेत. त्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती फॉसकॉस संकेतस्थळावर होते आणि छोट्या व्यवसायाला वर्षाला 100 रुपये फी आहे. मेस किंवा कॅन्टीनचं काम सेवा आहे, म्हणून कंपनीला किंवा लेबर ठेकेदाराला महिन्याच्या बिलावर डबे देत असाल तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

45 दिवसांचा नियम नेमका काय सांगतो

2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. त्यातली 15 ते 24 ही कलमं उशिरा पेमेंटबद्दल आहेत, आणि ती सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बाजूने लिहिलेली आहेत.

पार्टीशी लेखी काही ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. लेखी ठरलं असेल तर ठरलेल्या दिवशी, पण कमाल 45 दिवस. पीओवर ‘पेमेंट 90 दिवस’ छापलेलं असलं तरी कायद्यासमोर 45 च. ‘तू सही केलीस ना’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

दिवस मोजायचे कधीपासून? इथे जवळजवळ प्रत्येक जण दिवस गमावतो. आपल्याकडे महिन्याचं एकच बिल करायची पद्धत आहे आणि पार्टी म्हणते, बिलाच्या तारखेपासून मोजा. कायदा बिलाची तारीख धरत नाही, माल पोचल्याचा दिवस धरतो. 3 एप्रिलला दिलेल्या नगांचे 45 दिवस 18 मेला संपतात, बिल 30 एप्रिलचं असलं तरी. शक्य असेल तर बिल दर आठवड्याला करा. पार्टीच्या अकाउंटवाल्याला ते आवडणार नाही, पंधरा दिवसांवर तरी तडजोड करा.

मालात दोष आहे असं पार्टीचं म्हणणं असेल तर ते माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माल स्वीकारला असं धरलं जातं. ज्याने तीन महिन्यांनंतर अचानक आलेली रिजेक्शनची डेबिट नोट पाहिली आहे, त्याला या ओळीची किंमत कळेल.

उशीर झाला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. जीएसटीसह 2,47,800 चं बिल तीन महिने उशिरा आलं तर साधारण 10,360 रुपये व्याज. शिवाय पार्टीला हे व्याज आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

यापेक्षा जास्त परिणाम दिसला तो आयकर कायद्यातल्या बदलाचा, ज्याला अकाउंटवाले ‘43 बी एच’ म्हणतात. 1 एप्रिल 2024 पासून तो लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल 15 किंवा 45 दिवसांच्या मुदतीत दिलं नाही तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. म्हणजे मार्चअखेर तुमची बाकी थकवली तर पार्टीचा कर वाढतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्या व्हेंडरकडून उद्यम प्रमाणपत्र मागतात. ते वेळेत मेलने पाठवा आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठे खरेदीदार या कटकटीला कंटाळून नोंदणी नसलेल्यांना काम देतील, अशी भीती तेव्हा लघुउद्योजकांनी बोलून दाखवली होती आणि ती अगदीच निराधार नाही. पण नोंदणीशिवाय मिळालेल्या कामाचे पैसे कोणत्या जोरावर मागणार, हाही प्रश्न आहेच.

पुरावा: चलनाचा फोटो काढा

वरचे सगळे हक्क एका कागदावर उभे आहेत, आणि तो म्हणजे माल पोचल्याची सही असलेलं डिलिव्हरी चलन. टेम्पोवाला ते चलन खिशात घालतो, घामाने ओलं होतं, आठवड्याने हरवतं.

सवय अशी लावा. गेटवर इनवर्डचा शिक्का पडला की ड्रायव्हरने तिथेच चलनाचा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. शिक्का, तारीख, नग आणि सही चारही वाचता आली पाहिजे. संध्याकाळी तो फोटो ड्राइव्हमध्ये त्या पार्टीच्या फोल्डरला टाका, नावात आधी तारीख मग चलन क्रमांक. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच राहू दिलात तर फोन बदलताना जाईल. जीआरएन क्रमांक मिळत असेल तर तोही मागून घ्या, कारण स्टोअरने माल मोजून घेतला हे त्यावरून पार्टीच्याच कागदावर दिसतं.

दर, वाढीव नग, बदललेलं ड्रॉइंग हे फोनवर ठरलं तर लगेच एक ओळ मेल करा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे 500 नग, दर 14 रुपये, शुक्रवारी पाठवतो.’ समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी तारखेसह नोंद राहते. पर्चेसमधला साहेब बदलला की तोंडी ठरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक चलनासमोर ‘45 वा दिवस’ असा एक रकाना ठेवा. तारखेत 45 मिळवायचं सूत्र एकदा टाकलं की झालं. 40 व्या दिवशी नम्र आठवण, 46 व्या दिवशी मेल. पैसे पूर्ण आले नाहीत असं वाटलं तर आधी टीडीएस बघा; नोंदणी तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर जॉबवर्कच्या रकमेतून साधारण 1 टक्का कापला जातो आणि तो आयकराच्या 26 एएसमध्ये दिसतो. तो बुडालेला नसतो, विवरणपत्र भरताना हिशेबात येतो.

ट्रेड्स: बिल विकून आधी पैसे

ट्रेड्स ही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी ऑनलाइन व्यवस्था आहे. आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तिच्यावरचे जुने मंच. तुम्ही बिल तिथे टाकता, पार्टी ‘हो, हे देणं मान्य’ म्हणते, मग बँका त्या बिलावर बोली लावतात. सगळ्यात कमी व्याज सांगणाऱ्याला तुम्ही बिल देता आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. मुदत संपल्यावर बँक पार्टीकडून वसूल करते.

समजा, 2,47,800 च्या बिलावर 9 टक्क्यांची बोली मिळाली आणि 45 दिवस बाकी आहेत. सुमारे 2,750 रुपये कापले जातील, मंचाची थोडी फी वेगळी. पतपेढीतून किंवा सावकाराकडून दीड महिना पैसे फिरवण्यापेक्षा हे किती स्वस्त आहे ते तुम्हीच बघा. आणि पार्टीने नंतर पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे येऊ शकत नाही, ही यातली सगळ्यात चांगली बाजू.

अडचण एकच आहे. पार्टी ट्रेड्सवर हवी आणि तिने बिल मान्य करायला हवं. 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं नोव्हेंबर 2024 च्या अधिसूचनेने सक्तीचं केलं, मुदत 31 मार्च 2025 होती. नोंदणी सक्तीची आहे, तुमचं प्रत्येक बिल मान्य करणं नाही. आणि तुमची पार्टी दुसऱ्या फळीतलं तीस कोटींचं युनिट असेल तर हा नियम तिला लागूच होत नाही. म्हणून दोन पार्ट्यांमधून निवडायची वेळ आली तर दरासोबत हाही प्रश्न विचारा: तुम्ही ट्रेड्सवर आहात का? नगामागे चार आणे कमी देणारी पण ट्रेड्सवर बिल मान्य करणारी पार्टी, जास्त दर देऊन चार महिने झुलवणाऱ्या पार्टीपेक्षा परवडते.

तरीही पैसे आले नाहीत तर

सरकारचं ‘समाधान’ पोर्टल ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झालं. याच कामासाठी 2025 मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचा ओडीआर मंचही आला. उद्यम क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाईल वापरून लॉग इन करायचं, पीओ, बिलं आणि चलनं अपलोड करायची. तक्रार राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे जाते, आपल्यासाठी पुणे विभागाच्या. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर लवादाने निकाल. कायद्यात 90 दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ही तयारी ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. त्यामुळे नुसतं वेळ काढण्यासाठी अपील करणं तिला महाग पडतं.

खरा प्रश्न कायद्याचा नसून नात्याचा असतो. तक्रार टाकली की ती पार्टी पुन्हा काम देणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणून तक्रारीआधी एक पायरी वापरून बघा: पार्टीच्या अकाउंट विभागाला आणि मालकाला एकाच मेलमध्ये थकीत चलनांची यादी, प्रत्येकाचा 45 वा दिवस, आजपर्यंतचं व्याज आणि तुमचा उद्यम क्रमांक पाठवा. धमकीचा शब्द नको. ‘43 बी एच’मुळे ही यादी वाचायला त्यांच्या सीएलाही कारण असतं. फेब्रुवारीत पाठवलात तर उत्तर लवकर येतं.

आणि एकाच पार्टीवर सगळं शेड चालत असेल तर यातलं काहीच करायची हिंमत होत नाही, हेही खरं. दुसरी पार्टी शोधण्यासाठी पिंपरी-चिंचवड लघुउद्योग संघटना, फेडरेशन ऑफ चाकण इंडस्ट्रीज आणि मराठा चेंबर यांच्या बैठका आणि प्रदर्शनं उपयोगी पडतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये मोजमाप-चाचणीच्या सोयीही आहेत. तपासणीचा रिपोर्ट जोडून नमुना दिला की नवा पर्चेस साहेब निदान तो हातात घेऊन बघतो. प्रशिक्षण हवं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात, आणि मुख्यमंत्री रोजगार कार्यक्रमाच्या अर्जाबद्दल काही अडलं तर पुण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष जा. जाताना चाकणच्या ट्रॅफिकचे दोन तास धरून निघा.